परदेशात वीज केंद्र उभारताना : आधी माणसांची ऑर्डर द्या, मग टर्बाइनची

वीज केंद्राच्या कामात सगळ्यात उशिरा हाती येणारी गोष्ट कोणती, असं विचारलं तर बहुतेक जण टर्बाइन किंवा जनरेटर म्हणतील. ६६० मेगावॉटचा संच मागवला की तो साइटवर येईपर्यंत दोन-अडीच वर्षं सहज निघून जातात. पण परदेशातल्या केंद्रात त्याहूनही जास्त वेळ लागतो तो रात्रपाळीला कंट्रोल रूममध्ये स्वतःच्या हिमतीवर निर्णय घेईल असा स्थानिक अभियंता तयार व्हायला. त्याची ऑर्डर कुठल्याच कारखान्याला देता येत नाही. म्हणून परदेशी प्रकल्पाचं वेळापत्रक आखताना यंत्रांच्या यादीशेजारी पहिल्या दिवसापासून माणसांची यादी हवी, हे माझं ठाम मत आहे. पुढचा सगळा लेख त्याच अंगाने लिहिला आहे.

उदाहरणं मी मुख्यतः बांगलादेशच्या किनारपट्टीवरची घेतली आहेत. दहाएक वर्षांत त्या देशात भारतीय, चिनी, जपानी आणि रशियन अशा चारही धर्तीची मोठी केंद्रं उभी राहिली आणि प्रत्येकाने वेगळा धडा दिला. आपल्याला सर्वांत जवळचं रामपाल. खुलना विभागातल्या बागेरहाट जिल्ह्यात पशुर नदीकाठी असलेलं हे १३२० मेगावॉटचं केंद्र. एनटीपीसी आणि बांगलादेश वीज विकास मंडळ यांची त्यात निम्मी-निम्मी भागी आहे, बांधकाम भेलने केलं आणि १६० कोटी डॉलरचं कर्ज भारताच्या एक्झिम बँकेने दिलं. एनटीपीसीचं सोलापूरचं केंद्रही ६६० च्या दोन संचांचंच. तिथे किंवा कोराडीला महानिर्मितीच्या ६६० च्या संचांवर काम केलेल्या माणसाला रामपालची यंत्रं परकी वाटणार नाहीत. नवीन असतं ते यंत्रांच्या आजूबाजूचं सगळं.

करारावर सही करण्याआधी

तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका : इंधन कुठून आणि कोणत्या चलनात येणार, वीज कोणत्या वाहिनीने बाहेर जाणार आणि वीज घेणारा पैसे कधी, कशात देणार.

वाहिनीचं उदाहरण पायराचं. बांगलादेश आणि चीनच्या भागीदारीतलं हे १३२० मेगावॉटचं केंद्र २०२० मध्येच तयार झालं. पण ढाक्याकडे वीज नेणारी, पद्मा ओलांडणारी ४०० केव्हीची वाहिनी डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. मधली दोन वर्षं केंद्र पुरतं वापरता येत नव्हतं आणि क्षमता आकार (वीज घेतली नाही तरी केंद्राला द्यायची ठरलेली रक्कम) मात्र द्यावा लागत होता. केंद्र एका कंपनीचं, वाहिनी दुसऱ्या सरकारी कंपनीची, दोघांची वेळापत्रकं वेगळी. असं जिथे दिसेल तिथे वाहिनीच्या प्रगतीचा मासिक अहवाल मागण्याचा हक्क करारातच लिहून घ्या. आणि वाहिनीला उशीर झाला तर आपल्यावर दंड लागू नये, हे कलमही.

इंधनाचं उदाहरण खुद्द रामपालचं. पहिला संच डिसेंबर २०२२ मध्ये व्यावसायिक तत्त्वावर सुरू झाला आणि १४ जानेवारी २०२३ ला कोळशाअभावी बंद पडला. यंत्र ठणठणीत होतं. देशात डॉलरची टंचाई असल्यामुळे आयातीची पतपत्रं (विक्रेत्याला पैशांची बँकेने दिलेली हमी, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट) उघडत नव्हती, त्यामुळे इंडोनेशियाचा कोळसा येईना. केंद्र महिनाभराने पुन्हा पेटलं. त्याच वर्षी जूनमध्ये कोळशाची देणी थकल्यामुळे पायराही थांबलं. यावरून दोन गोष्टी करायच्या : कोळसा साठवण्याचं आवार ठरवताना किमान दीड-दोन महिन्यांचा साठा धरायचा, आणि पतपत्र उघडणाऱ्या बँकांची मर्यादा संच सुरू होण्याच्या सहा महिने आधी तपासायची. हे काम वित्त विभागाचं म्हणून प्रकल्पप्रमुखाने अंग काढून घेऊ नये. संच थंड पडला की जाब त्यालाच विचारला जातो.

ठेका कसा द्यायचा

परदेशात एकाच कंपनीला आरेखन, पुरवठा आणि बांधकाम असं सगळं देणं साधारणपणे सोयीचं पडतं. वेगवेगळी पॅकेजं केली की दोन ठेकेदारांच्या मधल्या फटीत पडलेलं काम मालकाच्या गळ्यात येतं. पाइपचा शेवट एकाचा, व्हॉल्व्हची सुरुवात दुसऱ्याची, आणि मधला फ्लँज कुणाचाच नाही. स्वतःच्या देशात असे तिढे फोनवर सुटतात. परक्या देशात मात्र एका फ्लँजसाठी नवी आयात, नवं सीमाशुल्क आणि दोन महिने जातात.

पण एकच ठेकेदार आहे म्हणून मालकाने आपली तुकडी बारीक ठेवली तर फसगत होते. स्थापत्य, बॉयलर, टर्बाइन, विद्युत, नियंत्रण यंत्रणा, गुणवत्ता, सुरक्षा, पर्यावरण आणि करार व्यवस्थापन या प्रत्येक विषयाचा एक जाणकार मालकाच्या बाजूने पहिल्या वर्षापासून साइटवर हवा. त्याच्या जोडीला त्याच विषयातला एक स्थानिक अभियंता द्या, मदतनीस म्हणून नव्हे, उद्याचा उत्तराधिकारी म्हणून. त्याची सही रोजच्या तपासणी अहवालावर परदेशी अभियंत्याच्या सहीशेजारी हवी. सही करावी लागली की माणूस शिकतो.

जमीन, पाणी आणि शेजार

बंगालच्या त्रिभुज प्रदेशात खडक शोधून सापडत नाही. मऊ गाळाची जमीन, तिच्यावर वाळूची भर, मग पाण्याचा निचरा होऊन जमीन बसण्यासाठी महिन्यांमागून महिने वाट पाहणं, आणि त्यानंतर खोलवर पाइल. हा वाट पाहण्याचा काळ कापायचा मोह प्रत्येक प्रकल्पाला होतो. तो आवरा. कोळशाच्या कन्व्हेयरचा एक पाया काही सेंटिमीटर खचला तरी पुढे आयुष्यभर बेल्ट सरकत राहतो. मातीकाम आणि पायाभरणी नोव्हेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत बसवा. मे महिन्यात तिथे चक्रीवादळं येतात. २०२० चं अम्फान २० मे रोजी धडकलं होतं. क्रेनची बूम खाली घेण्याचा आणि कामगारांना पक्क्या इमारतीत हलवण्याचा आराखडा एप्रिलमध्येच सराव करून तयार ठेवायचा.

पाणी खारं असतं आणि हवाही. येऊन पडलेल्या सुट्या भागांना गंज लागायला एक पावसाळा पुरतो. बॉयलरच्या नळ्यांची टोकं झाकलेली आहेत का, बंद पेट्यांतली ओलावा शोषणारी पावडर बदलली का, मोटरचे हीटर चालू आहेत का, हे पाहायला गोदामात एक स्वतंत्र तुकडी लागते. परदेशात बदली भाग मागवणं इतकं महाग पडतं की या तुकडीचा पगार सहज वसूल होतो.

शेजाराचा विषय मात्र कोणत्याही तांत्रिक प्रश्नाइतकाच गंभीर आहे. रामपाल सुंदरबनापासून साधारण १४ किलोमीटरवर आहे. बांगलादेशातलं सुंदरबन १९९७ पासून जागतिक वारसा यादीत असल्यामुळे या केंद्राविरुद्ध वर्षानुवर्षं आंदोलनं झाली आणि २०१६ मध्ये युनेस्कोने जागा बदलण्याची शिफारस केली. तिकडे चट्टग्राम जिल्ह्यात बांशखालीला एप्रिल २०१६ मध्ये कोळशाच्या वीज केंद्राच्या जमिनीच्या वादातून झालेल्या निदर्शनांत चार गावकऱ्यांचे प्राण गेले. विरोध हा जनसंपर्क विभागाचा प्रश्न आहे असं समजणाऱ्या व्यवस्थापकाने परदेशात प्रकल्प हाती घेऊच नये. झाकलेल्या जहाजांतून कोळसा, धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा, नदीत सोडलेल्या पाण्याचं तापमान या अटी पहिल्या दिवसापासून पाळा आणि मोजमापं गावाला दिसतील अशा फलकावर लावा. मच्छीमाराला आकडेवारीतलं सगळं कळत नसेल, पण आपण ती लपवतोय की दाखवतोय हे बरोबर कळतं.

अवजड माल

६६० मेगावॉटच्या जनरेटरचा स्टेटर, म्हणजे त्याचा न फिरणारा भाग, तीनशे टनांच्या घरात जातो. तिथल्या रस्त्यांवरचे पूल हे वजन पेलू शकत नाहीत, म्हणून सगळं बार्जवर टाकून नदीने आणावं लागतं. केंद्राचा तात्पुरता धक्का हे त्यामुळे अगदी सुरुवातीचं बांधकाम. भरती-ओहोटीत बार्जची पातळी खाली-वर होते, ट्रेलर उतरवायला ठरावीक तासांचीच खिडकी मिळते. नदीच्या खोलीचं सर्वेक्षण दर मोसमात नव्याने करा, कारण गाळ आपली जागा बदलत राहतो. भारत आणि बांगलादेशामध्ये अंतर्देशीय जलवाहतुकीचा करार १९७२ पासून आहे, त्यामुळे हल्दिया-कोलकात्याकडून जलमार्ग उपलब्ध आहे.

बांधकामाची माणसं

इथे थोडं थांबून हिशेब करू. समजा, बॉयलरमध्ये साइटवर करायचे ४०,००० दाबाचे जोड आहेत. चांगला वेल्डर सरासरी दिवसाला तीन जोड देतो, महिन्याला २५ दिवस काम आणि हाताशी १० महिने. म्हणजे एका वेल्डरचे ७५० जोड, आणि लागतात ५४ वेल्डर. त्यात आजारपण, रजा, एक्स-रेत नापास झालेले जोड पुन्हा करणं हे धरलं की आकडा सत्तरपर्यंत जातो. आता सत्तर पात्रताधारक वेल्डर त्या देशात आहेत का? पी-९१ सारख्या मिश्र पोलादाला वेल्डिंगआधी तापवावं लागतं आणि नंतर ठरलेल्या वेगाने थंड करावं लागतं. हे काम येणारी माणसं भारतातही हाताच्या बोटांवर मोजावीत इतपतच प्रत्येक ठेकेदाराकडे असतात. म्हणून साइटवर पहिल्या वर्षीच वेल्डिंगची शाळा काढा. स्थानिक पोरांना साध्या पोलादापासून सुरुवात करून द्या. दोन वर्षांनी बॉयलर उभा राहतो तेव्हा त्यांतली निम्मी तरी चाचणी पास होऊन कामाला लागलेली असतात, आणि संच चालू झाल्यावर गळती दुरुस्त करायला तीच उपयोगी पडतात.

बाहेरून आणायच्या माणसांच्या कागदपत्रांना घाईत हात लावू नका. बांगलादेशात नोकरीचा व्हिसा, गुंतवणूक विकास प्राधिकरणाचा कामाचा परवाना आणि गृह खात्याची सुरक्षा मंजुरी असा क्रम आहे. पर्यटक व्हिसावर फिटर आणून त्याला कामाला जुंपणं म्हणजे त्याच्या गळ्यात फास अडकवणं. उद्या अपघात झाला तर विमाही हात वर करतो. प्रकल्प आखातात असेल तर आपल्याकडचा १९८३ चा उत्प्रवास कायदा लागू होतो. दहावी नापास कामगाराला १८ ठरावीक देशांसाठी उत्प्रवास मंजुरी लागते, एजंटामार्फत भरती करायची तर त्याची नोंदणी ई-मायग्रेट संकेतस्थळावर असावी लागते आणि एजंटाला ३०,००० रुपये व त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. कामगाराने गावाकडे याहून जास्त मोजले असतील तर तो पहिलं वर्ष कर्ज फेडण्यातच घालवतो आणि त्याचं लक्ष कामावर राहत नाही. साइटवर उतरल्याच्या दिवशी प्रत्येकाला एकांतात विचारा, किती पैसे दिले. उत्तर ऐकून पुढच्या खेपेचा एजंट ठरवा.

पगार ही एकमेव गोष्ट आहे जिच्यात एक दिवसही मागेपुढे होऊ देऊ नये. १७ एप्रिल २०२१ रोजी, रमजान सुरू असताना, बांशखालीच्या केंद्रावर कामगार थकलेल्या पगारासाठी आणि उपवासाच्या महिन्यातले तास कमी करण्यासाठी एकत्र आले होते. पोलिसांनी गोळीबार केला, किमान पाच कामगार गेले. मागण्या वाचल्या की पोटात कालवतं, कारण वेळापत्रक आखतानाच त्या सोडवून ठेवता आल्या असत्या. रमजानमध्ये उत्पादकता घटणार हे गृहीत धरून त्या महिन्याचं लक्ष्य कमी ठेवा. इफ्तारच्या आधी उंचीवरचं काम थांबवा, क्रेनचं अवघड उचल काम सकाळी घ्या, दोन्ही ईदचे बोनस सणाआधी हातात पडतील असे करा. आणि उपठेकेदार पगार देत नसेल तर मूळ मालकाने थेट कामगाराच्या खात्यात पैसे टाकून ते बिलातून कापून घ्यावेत, असं कलम ठेक्यात असलंच पाहिजे.

दुसरी घटना पायराची. जून २०१९ मध्ये एक बांगलादेशी कामगार उंचावरून पडून गेला. मृतदेह लपवला जातोय अशी अफवा पसरली, स्थानिक आणि चिनी कामगारांत मारामारी पेटली आणि त्यात एक चिनी कामगार मारला गेला. अपघातानंतरचा पहिला तास कसा वागायचं हे म्हणून आधी ठरवून ठेवावं लागतं. काम बंद. मृताच्या गटातल्या दोन-तीन माणसांना रुग्णवाहिकेसोबत पाठवायचं. प्रकल्पप्रमुखाने स्वतः, स्थानिक भाषा बोलणाऱ्या अधिकाऱ्याला घेऊन, कामगारांसमोर उभं राहून काय घडलं तेवढंच सांगायचं. घरच्यांना फोन व्यवस्थापनाकडून गेला पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा फोटो त्याआधी पोहोचता कामा नये.

भाषेबद्दल एक आग्रहाची सूचना. आपले लोक तिथे जाऊन सरसकट हिंदी बोलतात आणि समोरच्याला टीव्हीमुळे ती कळतेही. पण १९५२ मध्ये आपल्या भाषेसाठी रक्त सांडलेला हा समाज आहे, २१ फेब्रुवारीला तिथे पहाटे लोक अनवाणी शहीद मिनारला जातात. सुरक्षेचे सगळे फलक, कामाचे परवाने आणि सकाळची सूचना बांगलात हव्यात. परदेशी पर्यवेक्षकाने निदान आकडे, दिशा, ‘थांबा’ आणि ‘हळू’ एवढं तरी पहिल्या महिन्यात शिकावं. मराठी माणसाला ते जड जात नाही.

स्वतःच्या माणसांच्या सुरक्षेकडे दुर्लक्ष नको. १ जुलै २०१६ ला ढाक्यातल्या होली आर्टिझन बेकरीवरच्या हल्ल्यात सात जपानी नागरिक मारले गेले आणि त्यानंतर जपानच्या मदतीने उभ्या राहणाऱ्या मातारबारी केंद्राच्या निविदाच लांबल्या. प्रवासाची नोंद, एकट्याने रात्री न फिरणं, दूतावासाकडे अद्ययावत यादी आणि देश सोडायची वेळ आली तर कोण कोणत्या मार्गाने निघेल याचा लेखी आराखडा, हे सगळं शांततेच्या काळातच करून ठेवायचं.

केंद्र चालवणारी माणसं

आता मूळ मुद्दा. कंट्रोल रूममधली एक खुर्ची वर्षभर भरलेली ठेवायला दिवसाला तीन याप्रमाणे १०९५ पाळ्या लागतात. एका माणसाचे ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, साधारण २० सणवार, ३० दिवस रजा आणि १५ दिवस आजारपण-प्रशिक्षण वजा करा, उरतात २४८. भागाकार ४.४ येतो. म्हणजे एका खुर्चीला पाच माणसं. चार नेमून पाचवा नंतर बघू असं म्हटलं की ओव्हरटाइम सुरू होतो, आणि थकलेला माणूस पहाटे चारला चुकीचा व्हॉल्व्ह उघडतो. बॉयलर, टर्बाइन, कोळसा, राख, पाणी, रसायन, स्विचयार्ड अशा सगळ्या जागा मिळून २५ खुर्च्या धरल्या तर फक्त पाळीतली माणसंच सव्वाशे होतात. देखभाल, भांडार, लेखा हे वेगळे.

भरतीचं वेळापत्रक मी व्यावसायिक उत्पादनाच्या तारखेपासून उलटं मोजतो. ३६ महिने आधी चालवण्याच्या विभागाचा प्रमुख. २४ महिने आधी डेस्कवरचे अभियंते. १८ महिने आधी प्रत्यक्ष यंत्राजवळ उभे राहणारे ऑपरेटर. वर्षभर आधी तंत्रज्ञ. डेस्कवरच्या अभियंत्याचे पहिले सहा महिने वर्ग आणि सिम्युलेटरवर जातात, पुढचे सहा तशाच आकाराच्या चालत्या केंद्रात पाळीवर, आणि उरलेलं वर्ष आपल्याच साइटवर संच जुळताना बघण्यात. शेवटचं वर्ष कुणी वाया गेलेलं समजू नये. ज्याने केबल ओढताना पाहिलीय त्याला बिघाड कुठे असेल ते अंधारातही सांगता येतं. रशियाच्या मदतीने उभारलेल्या रूपपूरच्या अणुकेंद्रासाठी बांगलादेशी अभियंते रशियात नोव्होवोरोनेझच्या, त्याच धर्तीच्या अणुभट्टीवर शिकायला पाठवले गेले. अणुकेंद्राला जी शिस्त सक्तीने लावली जाते ती कोळशाच्या केंद्राने आपखुशीने लावावी.

शिकलेली माणसं दुसरीकडे पळतात ही तक्रार नेहमीची. बंधपत्र लिहून घेतलं तरी फार उपयोग होत नाही. नवरा-बायको दोघांना राहता येईल अशी वसाहत, मुलांना शाळा, तासाभरात गाठता येईल असं रुग्णालय आणि पाच वर्षांत कोणत्या पदापर्यंत जाता येईल याचं लेखी उत्तर यांनी माणूस टिकतो. शिफ्ट इन-चार्जच्या वर कायम परदेशी माणूसच बसणार आहे असं दिसलं, तर उत्तम अभियंता तिसऱ्या वर्षी राजीनामा देतो.

पेटवण्याचे महिने

स्विचयार्डमध्ये बाहेरून वीज घेणं, शुद्ध पाणी, दाबाची हवा, बॉयलरची पाण्याने दाबचाचणी, रासायनिक सफाई, पहिली ज्योत, वाफेने नळ्या फुंकणं, टर्बाइन फिरवणं, ग्रिडशी जोडणी, पूर्ण भार, सलग चालवून पाहणं. हा क्रम सगळीकडे सारखाच. वाफ फुंकण्याचा टप्पा मात्र परदेशात वेगळी तयारी मागतो. नळ्यांत राहिलेला कचरा टर्बाइनच्या पात्यांवर जाऊ नये म्हणून वाफ प्रचंड वेगाने बाहेर सोडतात आणि तिच्या वाटेत एक गुळगुळीत धातूची पट्टी धरतात. पट्टी काढून उजेडात तिरकी धरायची आणि तिच्यावरचे खड्डे मोजायचे. ठरलेल्या संख्येपेक्षा कमी, तेही बारीक, असे लागोपाठ आले की नळ्या साफ. या पट्टीवर स्थानिक अभियंत्याकडून खड्डे मोजून घ्या, आणि त्याची मोजणी आधी ऐका. आवाज कित्येक किलोमीटर जातो, म्हणून सायलेन्सर लावूनही आठवडाभर आधी गावोगाव रिक्षावर भोंगा लावून सांगावं लागतं. बांगलादेशात त्याला माइकिंगच म्हणतात. दवाखाने, शाळा आणि मशिदीच्या इमामांना स्वतः जाऊन वेळा कळवा.

ताब्यात देणं आणि निघणं

रामपालचा पहिला संच डिसेंबर २०२२ मध्ये आणि दुसरा मार्च २०२४ मध्ये व्यावसायिक झाला. दोन संचांमधला हा काळ हाताशी असलेल्या प्रत्येक प्रकल्पाने एकच गोष्ट करावी : पहिल्या संचावर तयार झालेल्या स्थानिक पाळीकडे दुसरा संच पेटवायचं काम सोपवावं, परदेशी तज्ज्ञाने मागे उभं राहावं.

हमीच्या काळात ठेकेदाराची माणसं झपाट्याने कमी होतात, त्यामुळे उरलेल्या दुरुस्त्यांची यादी रक्कम लावूनच ठेवा. प्रत्येक परदेशी पदापुढे त्याची जागा घेणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहा; नाव रिकामं असेल तर त्या पदाची मुदत वाढवायच्या आधी कारण विचारा. तात्पुरत्या आयातीवर आणलेल्या क्रेन, वेल्डिंग मशीन आणि चाचणी उपकरणांची फेरनिर्यात वेळेत करा. ती राहून गेली तर सीमाशुल्काकडची बँक हमी अडकून पडते, आणि ती सोडवायला कागद ओळखणारा माणूस साइटवर उरलेला नसतो. म्हणून भांडारातला तो एक लिपिक सगळ्यात शेवटी सोडा.